तंबूचं गाऱ्हाणं

या, अशा जवळ सरकून बसा. पंख्याखाली जागा आहे. आमच्या कीर्तनकार बुवांची पद्धत अशी की आधी पूर्वरंगात तत्त्व घोळवायचं आणि गोष्ट उत्तररंगात द्यायची. पण तुम्ही दमून आलाय, म्हणून मी तत्त्व एका ओळीत उरकते: देवाला दिलेला शब्द सगळे पाळतात, पोराला दिलेला शब्द पाळणारा दाखवा! झाला पूर्वरंग. आता गोष्ट ऐका, आमच्या बाळाची.

बाळा माझा धाकटा भाऊ. नाहूरला एकाच इमारतीत आम्ही राहतो, मी वरच्या मजल्यावर आणि तो खाली. त्याच्याकडे बायको सुलक्षणा, मुलगा सिद्धेश, लेक प्रांजल आणि आमचे वडील नाना. नाना गिरणीतून निवृत्त झाले, पण जीभ अजून मालवणातच. बाळा अंधेरीला नोकरी करतो आणि साहेबांना नाही म्हणणं त्याला जमत नाही. ताप आला तरी फोनवर "येतो सर" आणि मग क्रोसिन.

त्याने पोरांना कबूल केलं होतं, रानात तंबूत राहायला नेईन. एकदा ऑफिस आडवं आलं, मग पुन्हा ऑफिस, मग साहेबांच्या मेहुणीच्या लग्नाचं ऑफिस. शेवटी घरात म्हणच पडली. पाणी येणार का, विचारलं की सिद्धेश म्हणायचा, "बाबांचं नक्की आहे," म्हणजे येणार नाही. बाळा हसायचा, पण त्याचे कान लाल व्हायचे.

या खेपेला मात्र त्याने कंबर कसली. माळशेजच्या अलीकडे आत वळणारा एक कच्चा रस्ता शोधला. शेवटच्या वाडीतल्या दुकानदाराला फोन करून त्याच्या माळावर राहायची परवानगी घेतली. रेंज नाही म्हणून नकाशा आधीच फोनमध्ये उतरवला, जादा टायरमध्ये हवा भरली. मित्राचा तंबू आणला आणि तालीम म्हणून हॉलमध्ये उभा केला. त्याचं टोक पंख्याला लागायचं, म्हणून आठवडाभर सगळे पंख्याशिवाय घामाघूम.

"कुकर घेऊ ना?" सुलक्षणाने विचारलं.

"अगं, रानात जातोय आपण!"

"मग रानात डाळ शिजत नाही का?"

प्रांजलची शंका निराळी. "बाबा, तिकडे बाथरूमला कडी आतून असते की बाहेरून?"

"तिकडे बाथरूमच नसतं, बाळ."

तिने जरा विचार केला. "बरं. मग कडी मी नेते." आणि जुन्या कपाटाची कडी खरंच बॅगेत टाकली.

पण खरा अडसर नानांचा. "थंय राखणदार कोण?"

"नाना, गूगलवर बघितलंय सगळं."

"गूगल काय राखणदार आसा? साप इलो तर गूगल हाकलतलो? परक्या जाग्यात वस्ती करूची तर आधी गाराना घालूक व्हया!"

तुमच्यात गाऱ्हाणं घालत नसतील तर सांगते. आमच्याकडे नारळ ठेवून एक जण देवाशी मोठ्याने बोलतो, जसं गावच्या पाटलाशी बोलावं तसं, आणि तो थांबला की बाकीच्यांनी एकदम "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. नानांनी पोरांची दोन दिवस तालीम घेतली. "डोळे मिट. काय बोललंय ता बघू नको. आवाज थांबलो की म्हण!"

निघायचं शनिवारी पहाटे. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही सगळे तंबूसमोर हात जोडून उभे. बाळाच्या हातात नारळ, त्याचा फोन प्रांजलकडे. नाना खणखणले, "बा देवा म्हाराजा! तू जो कोण त्या माळाचो राखणदार आसशीत, आमका तुझा नाव ठावक नाय, तरी तू आमका वळाखतस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही लेकरां तुझ्या पायाशी वस्तीक येतत, त्येंची राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तेवढ्यात फोन वाजला. प्रांजलने डोळे मिटूनच तो घेतला, आणि मावशीशी बोलायच्या सवयीने स्पीकरवर टाकला. "बाळा, उद्या अचानक ऑडिट लागलंय. सकाळी नऊला अंधेरीला येशील ना?"

आवाज थांबला.

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे. सगळ्यात मोठ्याने मीच.

"अरे वा! घरचे पण तयार दिसतायत. झकास." साहेबांनी फोन ठेवला.

सिद्धेशने गुपचूप तंबूची एक काठी उपसली, मग दुसरी. तंबू हळूच बसला. "राहू दे बाबा," तो म्हणाला, "मला सवय आहे." रडला असता तरी बरं झालं असतं हो. बाळाने नारळ इतका घट्ट धरला होता, मला वाटलं हातातच फुटतो.

"ह्या पोराची वाट लावलीत," मी नानांनाच म्हटलं.

नाना म्हणाले, "गाराना चुकला तर परत घालूक लागता. ज्येच्या कानार गेला, त्येच्याच कानार घाल."

बाळाने प्रांजलकडून फोन घेतला. मग त्याने नंबर लावला, स्पीकर तसाच. "सहदेव सर, मघाशी जे हो झालं, ते तुम्हाला नव्हतं. देवाला होतं."

"काय?"

आणि काय सांगू, घाबरल्यावर बाळाच्या तोंडून आपसूक नानांचाच सूर निघाला. "सर, मी पोरांना तीनदा शब्द दिला आणि तीनदा मोडला!"

"व्हय म्हाराजा!" पोरं म्हणाली. त्यांना थांबवणार कोण?

"त्यात दोष तुमचा नाही, नाही म्हणता येत नाही तो माझा!"

"व्हय म्हाराजा!" हा आवाज सुलक्षणाचा, आणि त्यात चांगलाच जोर होता.

"तर उद्या मी येणार नाही सर!"

"व्हय म्हाराजा!"

मग साहेबांनी विचारलं, "फोन स्पीकरवर आहे का?"

"व्हय म्हाराजा!"

साहेब हसले, पण पुरतं हसले नाहीत. "जा तू. ऑडिटला मी बसतो. आमची गार्गी पण कधीची तंबू तंबू करतेय रे. उद्या तिला नॅशनल पार्कात नेतो म्हणालो होतो." मग म्हणाले, "तुमच्यात ते गाऱ्हाण्यात नाव घालतात ना? तिचं घाला."

नानांनी फोन हातात घेतला. "बा देवा म्हाराजा! गार्गी म्हणून एक चेडू आसा, तिच्या बापाशीक येळ गावांदे रे म्हाराजा!"

आम्ही म्हणायच्या आधीच फोनमधून साहेबांचा बारीक आवाज आला, "होय महाराज." उच्चार चुकला, पण देव काय उच्चार बघतो?

शनिवारी पहाटे गाडी निघाली, कुकरसकट, कडीसकट. माळावर फोन लागला नाही, म्हणून ख्यालीखुशाली रविवारी कळली. डाळ करपली होती. कडी प्रांजलने तंबूच्या दाराला दोरीने बांधली होती आणि रात्री तीनदा तपासली होती. नानांनी दिलेला नारळ बाळाने एका दगडापाशी फोडला. आणि पाणी येणार का, असं मी विचारल्यावर सिद्धेश म्हणाला, "बाबांचं नक्की आहे," आणि बादली भरायला लावली. पाणी आलं हो!

आता उठा, उशीर झाला. पण तुमच्या घरी नारळ ठेवाल, किंवा नुसता दिवा लावाल, तेव्हा अंधेरीच्या त्या गार्गीची आठवण ठेवा. ती अजून पार्काला जायची आहे.