महिला विभागातली पहिली

१९७८ साली हुबळीजवळ रायापूरच्या माळावर आमच्या मोटार क्लबाची शर्यत झाली. नऊ गाड्या एकदम सुटल्या आणि गणपतअण्णांची शालिनी जुनी फियाट घेऊन सगळ्यांच्या आधी आली. गणपतअण्णांचं हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात लोखंडी सामानाचं दुकान. तिथला माल अळणावरला पोचवता पोचवता पोरीचा हात तयार झाला होता.

दुसरा आला परशुराम, क्लबाचे अध्यक्ष नारायणराव यांचा पुतण्या. कमिटीनं लगेच बैठक घेतली आणि तिथल्या तिथं महिला विभाग स्थापन केला. त्या विभागात शालिनी पहिली, शेवटची आणि एकटी. परशुरामला चषक मिळाला, तिला कुकर. तिनं जाब विचारला तेव्हा, कुकर पाच लिटरचा आहे, असं तिला समजावण्यात आलं.

पुढच्या वर्षीही तीच पहिली. या खेपेला टी-सेट. पण मद्रासच्या एका टायर कंपनीचा माणूस त्या दिवशी मंडपात न बसता वळणावर उन्हात उभा होता. त्याला विभाग दिसले नाहीत, गाड्या दिसल्या. त्यानं शालिनीला पगारावर कंपनीच्या संघात घेतलं. मद्रास, कलकत्ता, कोइमतूर, सगळीकडं ती जिंकत गेली. तिकडच्या कमिट्या जरा मागासलेल्या असाव्यात. पहिल्या आलेल्याला पहिलं म्हणत.

मग आमच्या क्लबाला तिचा अभिमान वाटू लागला. १९८४ साली हुबळीत तिचा सत्कार ठेवला. महिला विभाग काढून आपणच तिला कसं घडवलं, यावर नारायणराव बराच वेळ बोलले आणि त्यांनी तिला हार घातला.

शालिनीनं एवढंच मागितलं, की अठ्ठ्याहत्तर साली पहिलं कोण आलं ते माइकवर सांगा.

कमिटी पडद्यामागं गेली. परत येऊन नारायणरावांनी जाहीर केलं, की मोठ्या मनानं पहिला क्रमांक दोघांत विभागून दिला आहे.

"दोघांत?" शालिनी म्हणाली. "परशुराम, तूच सांग. तू कुठं होतास?"

परशुराम उठला. "तुझ्या धुळीत होतो, अक्का. मला पुढचं काही दिसतसुद्धा नव्हतं."

टाळ्या थांबेनात. "आता तरी हेळ्री, अध्यक्षरं, सांगून टाका," मागून कुणीतरी म्हणालं.

नारायणरावांनी माइक जवळ ओढला. धुळीमुळं खुद्द स्पर्धकालाही दिसत नव्हतं हे आता सिद्ध झालं आहे, ते म्हणाले, सबब जुना निकाल कायम.

शालिनीनं हार काढून टेबलावर ठेवला आणि ती निघाली. तिच्या मागोमाग परशुराम, आणि त्याच्या मागं सगळं सभागृह.

फोटोवाला तेवढा राहिला होता. नारायणरावांनी हार स्वतःच्या गळ्यात घातला आणि रिकाम्या खुर्च्यांकडं पाहून नमस्कार केला.