धोंडीचं पाणी

श्रावण निम्मा सरला तरी आभाळाला दया येत नव्हती. फुलावर आलेल्या सोयाबीननं माना टाकल्या होत्या. पुष्पाबाईला आता आशा होती ती पीकविम्याची. सलग तीन आठवडे पाऊस आला नाही, तर साऱ्या गावाला भरपाई मिळणार होती. पाऊस आला की नाही हे ठरवणारं यंत्र तिच्याच ओट्यासमोर, तारेच्या कुंपणात उभं होतं.

पण विमा आहे म्हणून पावसाची आस कुठं सुटते! गावानं धोंडी काढली. शेजारचे उकंडराव अंगाला कडुनिंबाचा पाला बांधून दारोदार फिरले, बायांनी त्यांच्यावर पाणी ओतलं. पुष्पाबाईच्या दारी ते कुंपणाला टेकून उभे राहिले. तिनं देवाचं नाव घेतलं आणि ओट्यावरून अख्खी बादली फेकली. बाईचा हात भलताच सढळ. उकंडराव भिजले, आणि त्यांच्यामागचं यंत्रही.

पाऊस काही आला नाही, आणि विमाही आला नाही. मधल्या एका दिवशी यंत्रानं पाऊस नोंदला, म्हणून भरपाई बसत नाही, असा निरोप आला. यंत्रच बिघडलंय म्हणून गाव खवळलं. पुष्पाबाईला मात्र बादली आठवली. साऱ्या गावाच्या तोंडचा घास आपण घालवला, या विचारानं तिला अन्न गोड लागेना.

तक्रार झाली तसा बुलढाण्याहून तपासनीस आला. मापानं पाणी ओतून त्यानं यंत्र तपासलं.

"यंत्र चोख आहे. त्या दिवशी पाणी पडलंच."

तो सामान आवरू लागला. आता तोंड उघडलं नाही तर सगळंच संपलं, हे पुष्पाबाईला कळत होतं.

"पडलं ना साहेब," ती म्हणाली. "म्याच टाकलं. धोंडीच्या दिवशी."

तपासनीस हसला. "ओट्यावरून? इतक्या लांब, काकू?"

पुष्पाबाई घरात गेली आणि भरली बादली घेऊन आली.

"भाऊ, तथीच उभे राहा."

"आता काऊन, वहिनी?" उकंडराव म्हणाले. "पाला बी नाही अंगावर."

"राहा म्हणते ना."

ते कुरकुरत कुंपणाला टेकले. तिनं पदर खोचला आणि बादली फेकली. यंत्र टकटकलं. तपासनीसानं मोबाइलवर आताचा आकडा पाहिला, मग त्या दिवसाचा, मग पुन्हा आताचा. त्याचं हसू मावळलं.

"पंचनामा करावा लागेल," चष्म्यावरचे शिंतोडे पुसत तो म्हणाला. "साक्षीदार कोण?"

"मी हाव ना," निथळत उभे असलेले उकंडराव म्हणाले. "दोन्ही खेपेले मीच भिजलो."