तानव्याघ्रांचे गाव

आमच्या सोलापुरात वाईट गाणारा माणूस नव्हता. हे मी म्हणत नाही, वेणीमाधव मास्तर म्हणत. शाळेत ते चित्रकला शिकवत आणि गावातल्या एका साप्ताहिकात गाण्याबद्दल लिहीत. मिशी फुटली तेव्हा लिहायला लागले, ती पिकली तरी थांबले नाहीत. पुण्या-मिरजेचे लोक सोलापूरला गिरण्यांच्या भोंग्यांचे गाव म्हणून हिणवतात, हे त्यांना आयुष्यभर झोंबले. तेव्हा इथल्या कलेला आपणच हात द्यायचा, असे त्यांनी ठरवले. हात इतका दिला, की कलेला आपल्या पायांवर उभे राहण्याची गरजच उरली नाही.

गवई बेसूर झाला, तर मास्तर लिहीत, 'स्वरांनी मुक्त विहार केला.' गवई आणि तबलजी वेगवेगळ्या वेळी समेवर आले, तर 'श्रोत्यांना दोन समांचा दुर्मीळ लाभ झाला.' मध्यंतरात लोक उठून गेले, तर 'श्रोते अंतर्मुख होऊन घरी परतले.' कापडाचे व्यापारी चनबसप्पा यांचे पुढचे दात पडल्यावर त्यांच्या गाण्यातला एक शब्द कळेना, तेव्हा मास्तरांना त्यात शब्दांपलीकडचे गायन सापडले. चनबसप्पांच्या दुकानावरच्या माडीवर जलसे होत आणि चहा त्यांचाच असे, हे सांगायला नको.

शिवाय प्रत्येक जलशाच्या शेवटी मास्तरांनी पदवी द्यायची, असा गावाचा रिवाज होऊन बसला होता. आधी गंधर्व वाटून झाले, मग किन्नर, मग कोकिळ. पाखरे संपल्यावर मास्तर जनावरांकडे वळले. चनबसप्पा तानव्याघ्र झाले. वकिलांची मालती लग्नाची होती आणि तिला तीन भजने येत होती, म्हणून ती स्वरहरिणी झाली. हरिणीचे लग्न जमले. वकील मास्तरांना फार मानत.

लोक मात्र शहाणे झाले होते. मास्तरांनी कोणाची तारीफ छापली, की त्या माणसाच्या गाण्याच्या संध्याकाळी ते नेमके दुसरीकडे जात.

आणि अशात या गावात खरोखरचा गाणारा निघाला. गुंडा मूळचा जवळच्या मंद्रूप खेड्याचा, धनगराचा. गिरणीत विणकामाच्या साच्यावर काम करी. घरी दोन शेळ्या होत्या. बाजारात राहणाऱ्या एका म्हाताऱ्या खाँसाहेबांना तो रोज सकाळी दूध घाली आणि त्याच्या बदल्यात गाणे शिके. खाँसाहेब वारले, त्यांच्या बरसीला गुंडा पहिल्यांदा चारचौघांत गायला. मास्तर तिथे होते. पहिला षड्ज लागला आणि मास्तरांचे डोळे भरून आले. माणसाला कान होते, हे मला त्या दिवशी कळले. त्याआधी मला तशी शंकाही आली नव्हती.

घरी जाऊन ते लिहायला बसले. पण जो शब्द घ्यावा तो आधी कोणाला तरी दिलेला. 'अलौकिक' चनबसप्पांना, 'दैवी' मालतीला, 'न भूतो न भविष्यति' तर दर महिन्याला. शेवटी तेच शब्द पुन्हा छापले. गावाने वाचले, जांभई दिली, आणि गुंडाच्या बैठकीला आम्ही पाच-सहा टाळकी जमलो.

गुंडाला घाई होती. गिरणीतला कापूस त्याच्या छातीत बसू लागला होता. खोकला लागला, की पुढचा तासभर आवाज चिरका यायचा. आणखी दोन वर्षे साच्यावर काढली, तर गळा राहणार नाही, हे त्यालाही ठाऊक होते आणि मास्तरांनाही. तेवढ्यात दक्षिणेकडच्या एका संस्थानाच्या दरबारात गवयाची जागा रिकामी झाली. तिथले कारभारी गुरुबसप्पा गवई शोधायला निघाले आणि मिरजेला जाता जाता एक दिवस सोलापुरात उतरले. मास्तरांनी आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे कोणासाठी शब्द टाकला. गुंडा कामावर खाडा करून, तंबोरा घेऊन, सकाळपासून चनबसप्पांच्या जिन्याखाली बसून राहिला.

वर माडीवर सगळे मानकरी जमले होते. गुरुबसप्पा कानडी वळणाचे मराठी शांतपणे बोलत. आमचे साप्ताहिक त्यांच्याकडे जात असे आणि ते वाचतही असत, हीच पंचाईत झाली. मास्तरांनी गुंडाची स्तुती केली, तशी त्यांनी हेच शब्द याआधी कोणाकोणाबद्दल वाचले ते सांगितले. हरीण, वाघ, कोकिळा. इथे गाणे आहे की अरण्य, असेही विचारले. चनबसप्पा सोडून सगळे हसले. मग ते म्हणाले, "मास्तर, माझ्याकडे एकाचंच गाणं ऐकण्याएवढा वेळ आहे. या गावात वाईट कोण गातं, तेवढं सांगा. एक नाव पुरे. मग तुमचा गुंडा चांगला म्हणतो मी, आणि ऐकतो."

मास्तरांनी चनबसप्पांकडे पाहिले. ते विड्याला चुना लावत होते. वकिलांकडे पाहिले. वकील खाकरले. एक नाव, फक्त एक. गावात गाणारे रग्गड होते आणि एकजात वाईट होते.

"आमच्या सोलापुरात," मास्तर म्हणाले, "वाईट गाणारा कोणी नाही."

माडीवर टाळ्या पडल्या. गुरुबसप्पांनी पगडी चढवली, नमस्कार केला आणि कुर्डुवाडीची गाडी गाठली. ते जिना उतरत होते तेव्हा गुंडा उठून उभा राहिला होता. त्यांनी त्यालाही नमस्कार केला.

पुढच्या अंकात मास्तरांनी दरबाराच्या दुर्दैवावर दोन रकाने लिहिले आणि गुंडाचा सत्कार ठरवला. त्याच माडीवर, त्याच मंडळींसमोर. ईशस्तवन मास्तरांनी स्वतः म्हटले. दर जलशाला ते मास्तरच म्हणत, आणि लोक डोळे मिटून ऐकत. लोकांना ती भक्ती वाटते, असे मास्तर समजत. मग शाल झाली, नारळ झाला, 'स्वरवनराज' ही पदवी झाली.

मंडळी चहाकडे वळल्यावर गुंडा शालीची घडी घालत मास्तरांपाशी आला. रागावलेला दिसत नव्हता.

"मास्तर," तो म्हणाला, "त्यांनी येकच नाव मागितलं हुतं. शेटजींचं घेता येत न्हवतं, वकिलाच्या लेकीचं न्हवतं, समदं कळतंय मला. मग सोताचं घ्यायचं की."

मला वाटले, आता मास्तर रडतील, या पोराचे पाय धरतील. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, कोणी ऐकत नाही ना याची खात्री केली आणि आवाज बारीक करून विचारले, "गुंडा, खरं सांग. मी वाईट गातो?"

"व्हय, लई," गुंडा म्हणाला, आणि पाळीची वेळ झाली म्हणून गिरणीकडे निघून गेला.