शून्य म्हणणारा क्रेनवाला

यातला शब्द न् शब्द खरा आहे, अगदी शपथेवर सांगते! खोटं निघालं तर माझे उरलेले चार दात आत्ताच्या आत्ता पडोत.

एक क्रेनवाला होता. त्याची क्रेन इतकी उंच, की कावळेसुद्धा वर जाताना मध्ये दोनदा दम खायचे. सात आठवड्यांपूर्वी एक सुटलेली साखळी त्याच्या डोक्यात बसली. जखम भरली, पण डोकं काही ताळ्यावर येईना. उजेड टोचायचा, मान वळवली की खोली गरगरायची. आवाज नको म्हणून बायको मिक्सरसुद्धा शेजाऱ्यांकडे नेऊन फिरवायची. आज तपासणीत पास झाला, की उद्या क्रेनवर. आणि क्रेनखाली माल बांधायला कोण? बायकोचा सख्खा धाकटा भाऊ.

तपासणीच्या खोलीत बायको खुर्चीत बसून बघत होती. नवऱ्यानं ऐकलेले पाच शब्द धडाधड परत सांगितले, महिने उलटे म्हटले, डोळे मिटून बगळ्यासारखा उभा राहिला. मग तपासणाऱ्या बाईंनी त्याच्या छातीला नाडी मोजायचा पट्टा बांधला आणि चालायच्या मशीनवर चढवलं. दर मिनिटाला चढ वाढणार.

"डोकं किती दुखतंय? शून्य ते दहा."

"शून्य."

चौथ्या मिनिटाला त्याचा डावा डोळा बारीक झाला. बायकोनं ते लगेच ओळखलं. घरी डोकं ठणकलं की अस्संच व्हायचं.

"आता?"

"शून्य! डोकं कसलं, दगड आहे दगड!"

दहावं मिनिट. घाम निथळतोय, बोटं दांड्याला चिकटलेली.

"शून्य!"

"दादा, एवढ्या चढावर मलासुद्धा दोन होतं," बाई म्हणाल्या. "आणि माझ्या डोक्यात कधी काही पडलेलं नाही."

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

बाईंनी गुपचूप चढ वाढवला.

बोलावं तर नवऱ्याच्या पोटावर पाय. गप्प बसावं तर भाऊ उद्या हुकाखाली.

"अहो, उद्या खाली कोण उभा असणार?"

"तू गप्प बस गं!"

"कोण ते सांगा ना!"

त्याचा पाय अडखळला.

"सात," तो पुटपुटला. "चौथ्या मिनिटापासून."

बाईंनी मशीन थांबवलं, कागद मागे चाळला. "तेव्हा नाडी एकशे तीस होती. म्हणजे त्याच्या बरंच खाली, नाडी एकशे दहाच्या आत ठेवून रोज वीस मिनिटं चाला. तीन आठवड्यांनी या. तोवर क्रेन नाही."

बरं, एक कबूल करते. 'सात' तो म्हणालाच नाही, त्याची बायको म्हणाली. पुढचे तीन आठवडे तो तिच्याशी धड बोललासुद्धा नाही.