लुना फ्रीजरमध्ये जाणार नाही

सरडा दिवसा झोपत नाही. हे मला हात्सुआंटीनं सांगितलं, तेव्हा मी शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे दहा मुलांचा भात उपसत होते आणि मला सरड्याशी काही देणंघेणं नव्हतं.

“लू, पाचवीच्या वर्गातला लुना भर दुपारी डोळे मिटून बसतो,” ती म्हणाली. “तीन दिवस बघतेय.”

“झोपू दे की. मलाही झोप येतेय.”

“तू झोपलीस तर आळशी. तो झोपला तर आजारी.”

हात्सुए मेदेइरोस आमच्या शाळेत एकतीस वर्षं साफसफाई करत होती. माहेर ओकिनावाहून आलेल्यांचं, सासर पोर्तुगीजांचं, आणि जीभ दोन्हीकडची. पोरांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे तिला आंटीच म्हणायचे. लुना म्हणजे वर्गात पाळलेला तीन शिंगांचा शॅमेलिऑन. आमच्या बेटावर, डोंगरउतारावरच्या कुला गावात, कुंपणांवर असले सरडे पुष्कळ. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी वडिलांनी अवोकाडोच्या झाडावरून काढून आणला होता. नाव हात्सुआंटीनं ठेवलेलं. तिचे आईवडील अननसाच्या मळ्यात राबायचे आणि तिथल्या घोड्यावरच्या मुकादमाला लुना म्हणायचे. “एक डोळा माझ्या बापावर, दुसरा माझ्या आईवर,” ती सांगायची. “ह्याचंही तसंच. म्हणून लुना.”

ऑगस्टमध्ये पाचवीचा वर्ग नव्या इमारतीत गेला. थंडगार एसी, मोठ्या काचा. समुद्रापलीकडच्या मुख्य भूमीवरून नव्या बाई आल्या, मिस हॅडली. पोरगी मनानं चांगली, पण सरडा तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेला. पिंजरा काचेच्या खिडकीशी ठेवला, पाण्याची वाटी ठेवली, आठवड्याला रातकिडे टाकले, आणि आपलं काम झालं असं तिला वाटलं.

“चल,” हात्सुआंटी म्हणाली. ॲप्रन न सोडताच मी गेले.

शाळा सुटलेली. लुना फांदीवर होता, पण बसलेला म्हणवत नव्हता, लोंबकळलेला म्हणावं. रंग भिजलेल्या गोणपाटासारखा. पुढचे पाय मधेच वाकलेले, धनुकलीसारखे, आणि फांदी धरताना थरथरणारे. एरवी बुरुजासारखे उभे असणारे डोळे आत खचलेले. आंटीनं चिमटीत रातकिडा धरून समोर नेला. लुनानं डोळे उघडले, नेम धरला, जीभ सोडली. ती दोन बोटं बाहेर आली आणि खालच्या जबड्यावर ओल्या दोरीसारखी पडली. परत आत घ्यायला त्याला किती वेळ लागला म्हणता! मला बघवेना.

“इथं हात लाव,” ती म्हणाली.

“मी नाही बाई.”

तिनंच करंगळीनं त्याचा खालचा जबडा हलकेच दाबला. तो रबरासारखा आत गेला.

“हाड मऊ झालंय. आणि ही वाटी बघ, काठोकाठ. ह्याला वाटीतलं पाणी कळतच नाही. हा पानावरचा थेंब चाटतो. माझ्या कुंपणावर रोज बघते मी. पाण्याशेजारी बसून तहानलाय बिचारा.”

दुसऱ्या दिवशी तिनं मिस हॅडलीला सांगितलं. ती हसली, वाईट नाही, घाबरून हसली. “आंटी, तो आधीपासूनच असा आहे. शांत स्वभावाचा.”

हात्सुआंटीचा चेहरा पडला. परत येताना ती व्हरांड्यात झाडू टेकवून उभी राहिली.

“ॲल्विनबद्दल हेच म्हणाले होते सगळे. आठवतंय? ‘वय झालं, आता शांत झालाय.’ सहा महिने माझा नवरा पायरी चढताना थांबत होता, ताट अर्धं सोडत होता, आणि मी म्हणत होते, हो, शांत झालाय. डॉक्टरनं पाहिलं तेव्हा करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.” तिनं झाडू उचलला. “तेव्हा मी लोकांचं ऐकलं. तेवढं एकदाच.”

त्या गुरुवारी कुण्या पालकानं तक्रार केली, वर्गात मेलेला सरडा ठेवलाय म्हणून. दहा वाजता मुख्याध्यापक काहेले माझ्या ओट्यावर बुटांचा रिकामा खोका ठेवून म्हणाले, “लूर्देस, तुझ्या मोठ्या फ्रीजरमध्ये एक कोपरा दे. लुनाला शांतपणे जाऊ देऊ. थंडीत त्यांना काही कळत नाही म्हणतात.”

“कोण म्हणतं?” मागून आवाज आला. हात्सुआंटी बादली घेऊन दारात उभी.

लोपाका काहेले बेटावरच्या मूळ लोकांतला, ह्याच शाळेत शिकलेला. त्याची पहिलीतली ओकारी हात्सुआंटीनंच पुसलेली, त्यामुळे चारचौघांत ती त्याला मिस्टर काहेले म्हणायची आणि स्वयंपाकघरात लोपाका.

“आंटी, तुम्ही यात पडू नका.”

“पडलेच मी. तू कधी फ्रीजरमध्ये बसून पाहिलंस का, कळतं की नाही ते?”

“तो मरतोय, आंटी. मुलांनी रोज ते बघायचं का?”

“मुलांनी आपण काहीच न करणं बघायचं का?”

मिस्टर काहेलेंनी कपाळ चोळलं. “आणि खरं सांगू? हे सरडे इथले नाहीतच. वनखात्याची माणसं ओरडतात. आमच्या गोगलगायी खातात, किडे खातात. माझ्या पणजीच्या जंगलात ह्यांचं काय काम?”

“बरोबर आहे तुझं. म्हणून मी त्याला जंगलात सोडणार नाही, तेवढं मला कळतं. पण इथला नाही म्हणून फ्रीजर? माझे आजोबा बोटीतून आले. लूचे वडीलही इलोकोसहून बोटीनंच. जागा कर रे लोपाका, आम्ही दोघीही येतो आत. टेरियाकी चिकनच्या शेजारी.”

मला हसू आलं आणि मी ते दाबलं नाही. मग खोका उचलून त्यांच्या हातात परत दिला. “माझ्या फ्रीजरमध्ये मुलांचं खाणं असतं, मिस्टर काहेले. मेलेलं-जिवंत काही जाणार नाही.” इतकी वर्षं मी कुणाला उलट बोलले नव्हते. कान गरम झाले माझे.

“तो शाळेची मालमत्ता आहे,” ते हात्सुआंटीला म्हणाले. “बाहेर नेलात तर मला लेखी ताकीद द्यावी लागेल.”

“दे. माझं आडनाव लिहिताना चुकू नकोस.”

अडीच वाजता तिनं पिंजरा आपल्या पिकअपच्या पुढच्या सीटवर ठेवला, पट्टा बांधला, आणि सगळ्या शाळेदेखत फाटकातून बाहेर काढला. लपवलं नाही, झाकलं नाही. मी तिच्या शेजारी, पिंजरा मधे.

वरच्या गावातल्या जनावरांच्या डॉक्टरनं फोनवरच सांगितलं होतं, आम्ही गायी-घोडे बघतो. एक बाई खाली किनाऱ्यावर किहेईला सरडे, कासवं बघते, पण तिच्याकडे तीन आठवडे जागा नाही. आम्ही तरीही डोंगर उतरून किहेईला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं तेच सांगितलं.

“हरकत नाही,” हात्सुआंटी म्हणाली. “मी बसते.”

“आंटी, तीन आठवडे?” मुलीनं विचारलं.

“खुर्ची चांगली आहे.”

पाच वाजता डॉक्टर पिमेंटेल स्वतः बाहेर आल्या, पिंजऱ्यात डोकावल्या, आणि त्यांनी दार उघडून धरलं.

एक्स-रेमध्ये लुनाची हाडं दिसायला हवी होती तिथं धुकं होतं. एका पायाचं हाड पूर्वीच मोडून आपोआप वाकडं सांधलेलं. “कॅल्शियम नाही, ऊन नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पिंजरा कुठं असतो?”

“खिडकीत. दिवसभर उजेड असतो.”

“काचेतून उजेड येतो, ऊब येते. पण हाडांना जे ऊन लागतं ते काचेतच अडतं. तो उन्हात बसून अंधारात राहिलाय.”

हात्सुआंटीनं पर्समधून एक बाटली काढली. जीवनसत्त्वांचे थेंब, मिस हॅडलीनं कावरीबावरी होऊन दुकानातून आणलेले. “हे दुप्पट द्यावं म्हणते, आधीचं भरून निघेल.”

“टाकून द्या. ह्या जातीला ते जास्त झालं तर मान सुजते, मूत्रपिंड जातं. भरपाईची घाई करायची नाही.” मग डॉक्टर खाली बसल्या. “खरं सांगते. जबडा फार मऊ आहे. वाचला तरी पाय सरळ होणार नाहीत. तुम्हाला हे सगळं करायचं नसेल तर त्याला इंजेक्शनानं नीट, न दुखता झोपवता येईल. त्यात पाप नाही.”

“त्याला वेदना किती आहेत?”

“आहेत. औषधानं कमी होतील.”

“पकड आहे अजून?”

डॉक्टरांनी बोट पुढे केलं. लुनानं ते धरलं, थरथरत, पण सोडलं नाही.

“मग त्यानं सोडेपर्यंत मी सोडणार नाही,” हात्सुआंटी म्हणाली. “पण त्यानं सोडलं, तर हट्टासाठी छळणार नाही. तेव्हा तुमच्याकडेच आणेन.”

तिच्या अंगणात जास्वंदीखाली पिंजरा टांगला. मुंगसं शिरू नयेत म्हणून बाहेरून दुसरी जाळी. सकाळचं ऊन थेट अंगावर, पण अर्ध्या पिंजऱ्यात पानांची सावली, म्हणजे नको तेव्हा त्याला सरकता येईल. कॅल्शियमचं औषध ड्रॉपरनं, जबडा न ओढता, ओठाच्या कडेला थेंब लावून. पानांवर दोनदा पाण्याची फवारणी, आणि तो चाटेपर्यंत उभं राहणं. रातकिडे कॅल्शियमच्या पांढऱ्या भुकटीत घोळवून, नुकती कात टाकलेले, मऊ. हे सगळं करून ती साडेसहाला शाळेत हजर असायची. ताकीदपत्र आलं, तिनं वाचलं, सही केली आणि खाली लिहिलं: “सरडा जिवंत आहे.”

तिसऱ्या आठवड्यात लुनानं चार दिवस तोंडच उघडलं नाही. मी स्पॅम-मुसुबी, म्हणजे भाताच्या वडीवर डब्यातल्या मांसाचा काप, घेऊन गेले होते. ती पायरीवर पिंजऱ्यासमोर बसलेली, केस न विंचरलेले.

“हात्सु,” मी म्हटलं, “पुष्कळ केलंस.”

“पुष्कळ म्हणजे किती? तुझ्याकडे माप आहे?”

“चिडू नकोस.”

“चिडणारच. सगळ्यांना माझी दया येतेय, त्याची कुणालाच येत नाहीये.” मग हळू आवाजात, “उद्या पकड बघते. सुटली असेल तर किहेईला नेते. पण उद्या. आज नाही.”

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. साडेसहाला ती शाळेत आली नाही, नऊ वाजता धापा टाकत माझ्या स्वयंपाकघरात शिरली. मला वाटलं, गेला.

“माशी,” ती म्हणाली. “माझ्या मनगटावरची माशी. मी पिंजऱ्यात हात घातला होता पकड बघायला. टपकन गेली, लू! अख्खी जीभ! मला लागली!” तिनं मनगट पुढे केलं, जणू तिथं काही उमटलं असावं. मी भाताचा डाव हातात घेऊन रडले. सरड्यासाठी! माझ्या नवऱ्यानं ऐकलं तर घराबाहेर काढेल.

त्यानंतर सगळं सोपं झालं असं नाही. पण महिन्याभरात जबडा टणक झाला, डोळे वर आले, आणि कडांना हिरवा रंग चढला. एप्रिलमध्ये दुसऱ्या एक्स-रेत हाडं दिसली. वाकडी, पण दिसली.

मे महिन्यात मिस्टर काहेले मालासादाचा, साखरेत घोळवलेल्या तळलेल्या गोड पावांचा, पुडा घेऊन तिच्या अंगणात आले. पोरांनी लुनासाठी पत्रं लिहून त्यांचं टेबल भरून टाकलं होतं. लुना त्यांना बघून फुगला, काळा पडला आणि फिस्कारला.

“माणसं ओळखतो,” हात्सुआंटी म्हणाली.

“आंटी, मुलांना तो परत हवाय. आणि ते ताकीदपत्र मी काढून टाकतो.”

“काढू नकोस. मी नेला होता, खरंच आहे. आणि लुना त्या काचेत परत जाणार नाही.”

“मग कुठं?”

“बाहेर. सकाळी ऊन आणि दुपारी सावली असलेली शाळेत एकच जागा आहे. मी मोजलीय, दर तासाला. तिथं तुझी गाडी असते.”

मिस्टर काहेलेंनी मालासादा अर्धा खाल्ला आणि अर्धा हातातच ठेवला. “ती माझ्या नावाची जागा आहे.”

“नाव पुसून देते. तेच तर काम माझं.”

जूनमध्ये शाळा सुटायच्या आत पिंजरा तिथं उभा राहिला, दुहेरी जाळीचा, मधे कॉफीचं झुडूप. सुटीभर हात्सुआंटी रोज फेरी मारायची. मिस हॅडलीही येऊ लागली. पहिल्या दिवशी ती म्हणाली, “आंटी, माझ्यामुळे झालं.” हात्सुआंटीनं नाही म्हटलं नाही. “हो,” ती म्हणाली, “आता बोट पुढे कर. पकड बघायला शीक.” पोरगी रडत रडत शिकली. डोळे, पकड, जबडा, जीभ, विष्ठा. पुढे वर्गातली पोरं रोज सकाळी हेच बघून वहीत लिहू लागली.

सप्टेंबरात जिल्हा कार्यालयातून एक साहेब पाहणीला आला. पिंजऱ्याभोवती फिरला, गाड्यांच्या जागेत जनावर ठेवणं नियमात बसत नाही म्हणाला, आत वर्गात हलवा म्हणाला. मिस्टर काहेले बुटांकडे बघू लागले. हात्सुआंटी नळाशी बादली भरत होती. तिनं नळ बंद केला आणि तोंड उघडलं.

पण तिच्या आधी मिस हॅडली बोलली. मान लाल झालेली.

“नाही, सर. हलवणार नाही. तुम्ही लेखी द्या, मी लेखी उत्तर देते.”

हात्सुआंटीनं तिच्याकडे पाहिलं, मग नळ पुन्हा सोडला.