पायडलं काढलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी व्यायामाची सायकल आहे. मला चाक एकच, तेही जागच्या जागी फिरणारं. मला या घरात आणलं ते मालकांचं पोट कमी करायला. त्यांनी आठ दिवस घाम गाळला, नवव्या दिवशी माझ्यावर ओला टॉवेल टाकला आणि पुढची सहा वर्षं मी कपडे वाळवले. पोट होतं तिथेच राहिलं.

मग मालकिणीला कर्करोग झाला. दिवसभर शिवणयंत्रावर पाय चालवणारी ती बाई पार वाळून गेली. वर्षभराने डॉक्टर म्हणाले, "आता काही उरलेलं नाही." सगळ्यांना हायसं वाटलं. तिची भीती मात्र तेव्हाच सुरू झाली. गाठ चाचपायला हात सारखा काखेत जाई. तपासणीची तारीख जवळ आली की तिला घास उतरत नसे.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी तिला रोज सायकल चालवायला सांगितलं. पहिल्या दिवशी ती दोन मिनिटांत धापा टाकू लागली. महिन्याभरात वीस मिनिटांवर गेली. एकदा नणंदेला म्हणाली, "अगं, पाय फिरतात ना, तेवढा वेळ डोकं गप्प बसतं." इतकं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.

पण एका सकाळी तिची पोटरी दुखली. "हाडात तर आलं नसेल?" म्हणत ती रडायलाच लागली. घराची पळापळ झाली. तपासणीत काही निघालं नाही. जोर जास्त लावल्यामुळे पाय आखडला होता, इतकंच. तरी मालकांनी पाना आणला आणि माझी दोन्ही पायडलं काढून माळ्यावर टाकली.

"अहो, दवाखान्यातल्या बाईंनीच सांगितलंय ना चालवायला?"

"त्यांचं काय जातंय सांगायला? तू नुसता आराम कर. तुझ्याच भल्यासाठी म्हणतोय."

शेजारी म्हणाले, नवरा असावा तर असा! मला तळपाय असते तर त्यांची आग मस्तकात गेली असती.

आता ती दिवसभर खुर्चीत बसून असते. परवा तिने पायडलं मागितली, तर मालकांनी थेट भंगारवाल्यालाच बोलावलं. उद्या तो मला नेईल. तिची पुढची तपासणी पंधरा दिवसांवर आली आहे.

मित्रांनो, मला गंज चढला याचं दुःख नाही. पण तुमच्या घरात कुणी मोठ्या आजारातून उठलं, तर त्याला जपताना बांधून ठेवू नका. त्याला काय हवं आहे, ते त्यालाच विचारा. या घरात सगळ्यांनी सगळं केलं, तेवढं एक सोडून.