थरथरणाऱ्याची बायको

"बघ, तुझा नवरा आता खराखुरा क्वेकर झाला!" तुरुंगाच्या रखवालदाराने हसत दार ढकललं. आत पेंढ्यावर माइल्स तापाने थरथरत पडला होता. जेनेटने आणलेली ओटची भाकरी त्याच्या हातात टिकेना.

क्वेक म्हणजे थरथरणं. इंग्लंडच्या उत्तरेला, आमच्या केंडल गावाकडे हा शब्द जुनाच. डोंगराखालच्या दलदलीत पाय टाकला की सगळं गवत हलतं, त्यालाही आम्ही हेच म्हणतो. 'देवाच्या शब्दापुढे थरथरा' असं माइल्सच्या नव्या पंथाची मंडळी सांगू लागली, तेव्हा एका न्यायाधीशाने टवाळीने त्यांनाच ते नाव दिलं. टवाळीची नावं लवकर चिकटतात. आता शेंबडी पोरंही दात वाजवत त्यांच्या मागे फिरतात.

माइल्स दगडी बांध रचणारा गडी. गुन्हा एवढाच, की राजाशी इमान राखीन म्हणाला, पण तशी शपथ घेईना. जेनेट त्याच्या पंथातली नव्हे. ती दर रविवारी चर्चला जायची आणि वाटेत मला गाठून नवऱ्याच्या हट्टाला शिव्या घालायची.

"घे की रे एकदाची शपथ," ती रडकुंडीला आली. "देव काय तेवढ्यावरून रुसून बसणारे?"

"शपथ घेतली की खरं बोलायचं, म्हणजे एरवी खोटं बोलतो असंच झालं की. तुला कधी खोटं सांगितलंय मी?"

"नाही सांगितलंस, मेल्या. सांगितलं असतंस तर आज घरी असतास."

आठवडा उलटायच्या आत तो गेला.

शेजारधर्म म्हणून मी गाडी जुंपून तिच्याबरोबर प्रेत आणायला तुरुंगावर गेलो. कारकुनाने बायबल पुढे सरकवलं. "हे प्रेत तुझ्या नवऱ्याचंच, अशी शपथ घे आणि घेऊन जा."

"माझाच नवरा आहे तो."

"शपथेवर सांग."

"सांगितलं ना, सरकार. माझाच आहे."

मी तिच्या कानाशी लागलो. "अगं, तुला कुठे मनाई आहे? ठेव हात नि चल."

"आज हात ठेवला, तर तो उगाचच मेला," ती म्हणाली.

कारकून खो खो हसला. "हात बघा हिचे, कसे लटलट कापतायत! ही पण क्वेकरच!"

"असेन," जेनेट म्हणाली आणि शाल आवळून दाराशी फरशीवर बसली.

नवरा ताब्यात मिळेपर्यंत ती आता उठायची नाही, हे मला कळलं. मी बाहेर गेलो आणि गाडीचा घोडा सोडला.